तंटामुक्त बार्बेक्यू

१ डिसेंबर २०१८, शनिवार

आजपासून डायरी. शेफालीने आणून दिली. पोरगी हिंजवडीला कंपनीत आहे, तिथे राग आवरण्याचं ट्रेनिंग झालं. राग आला की लिहून काढायचा, हात आपोआप थंड होतात, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं म्हणे. मी म्हटलं, मला राग येतच नाही. ती म्हणाली, पप्पा, तरी लिहा. लिहितो. पोरीचं मन कशाला मोडा.

राग मी दिवाळीलाच सोडला. कारण नोंदवून ठेवतो. भादव्यातल्या पोळ्याला सोजरच्या भाच्याने आमच्या बैलाच्या शिंगाला सेल्फी स्टिक बांधली. मी त्याला थोडी समज दिली. खांदा निखळला. मुळात सैलच असणार. सोजर तडक सासवडला भावाकडे गेली, ती पाडव्याला परत आली, आणि येताना अट घेऊन आली. पुन्हा कुणावर हात उचलला तर ती सासवडला जाणार आणि परत येणार नाही. तीस वर्षांचा संसार आणि बायको नवऱ्याला अटी घालते! मी म्हटलं, मंजूर. माझ्यासारख्या शांत माणसाला यात अवघड ते काय.

शांत नसतो तर गावाने तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं असतं का? गेल्या वर्षी गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत गेली, सरपंच दिग्विजय घरी बसला. पण मला काढल्याचं कुणी कळवलेलं नाही, म्हणजे मी आहे. गाडीच्या काचेवर पाटीही आहे.

संध्याकाळी जेवायला बसलो. सोजर भाकरी हातात धरून उभी. अहो, आज कुणाला मारलं तर न्हाई ना, असं विचारलं. नाही म्हटल्यावर भाकरी ताटात पडली. आता रोज विचारणार म्हणते.

४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी टँकरवाल्याने रिव्हर्स घेताना आमच्या गेटचा खांब पाडला. मी शांतपणे खाली गेलो. श्वास आत, श्वास बाहेर. तो म्हणाला, खांबच मधी आला. समज दिली.

नोंद: समज देणं वेगळं आणि मारणं वेगळं. मारतात रागाने. समज दुसऱ्याच्या भल्यासाठी असते. दात पडला त्याचा, पण तो हलतच असणार. तंबाखू खातात हे लोक.

संध्याकाळी सोजरने विचारलं. मी म्हटलं, छे, टँकरवाल्याशी तंटा झाला होता, समेट केला. तिचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. भाकरीवर लोण्याचा गोळा आला. टँकरवाल्याचं नाव काय, टँकर कुठे उभा करतो, सगळं विचारून घेतलं. माझ्या कामात ती आता लक्ष घालू लागली आहे.

९ डिसेंबर, रविवार

बागेत फेरी. ही बाग म्हणजे आमचं रान. बिल्डरला दिलं, त्याने इमारती बांधल्या, उरलेल्या तुकड्यात बाग केली आणि महापालिकेच्या ताब्यात दिली. कागदावर सार्वजनिक. बांधावरची आमची लक्ष्मीआई मात्र आहे तिथेच आहे. भोवती पेव्हर ब्लॉक बसवलेत एवढंच.

तिथे अभिनव आला. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. कॉम्प्युटरवाला, अमरावतीकडचा. आई विमलाबाई त्याच्याजवळ असतात, त्या एका वाक्यात दोनदा बाप्पा म्हणतात. अभिनव म्हणाला, काका, संक्रांत झाली की एखाद्या रविवारी लक्ष्मीआईपाशी बार्बेक्यू करायचाय, बागेत चालतं का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाजूला जाऊन फोनवर शोधलं. हाफ पँटीतले गोरे लोक, बागेत लोखंडी जाळी, जाळीवर मांस, हातात बाटल्या.

मटणाला माझा विरोध नाही. जत्रेला मी अर्ध्या गावाला जेवू घालतो. पण मटण पातेल्यात असतं. रस्साच नसेल तर बकरं मारायचं कशासाठी? आणि तेही लक्ष्मीआईसमोर, जिला आमच्यात गोडाशिवाय नैवेद्य चालत नाही. अभिनवला गाठून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पण काका, गार्डन तर पब्लिक आहे ना.

त्याची कॉलर माझ्या हातात आली. कशी आली ते आठवत नाही. दोन बटणं तुटली, ती मी स्वतः गवतातून वेचून त्याला परत दिली. मारणारा माणूस बटणं परत देतो का?

१३ डिसेंबर, गुरुवार

जेवण पोचवणाऱ्या बाईकवाल्याने माझ्या जागेवर बाईक लावली. समज दिली, पण हेल्मेटवर. हेल्मेट ही वस्तू आहे. वस्तूला मारलेलं मोजत नाहीत. उलट माझाच हात सुजला, म्हणजे अन्याय झाला असलाच तर माझ्यावर झाला. तो खाली बसला तो घाबरून. जबडा दुखतो म्हणत होता, तो हेल्मेटच्या पट्ट्यामुळे. कंपनीकडे तक्रार करायला हवी त्याने.

सोजरला म्हटलं, बाईकवाल्याशी समेट. हात कशाने सुजला? समेट करताना हात जरा जोरात मिळवला. तिने हळद गरम करून लावली. बाईकवाल्याला तिखट चालतं का, असंही विचारलं. का ते कळलं नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

बागेचा वॉचमन वैजनाथ. परभणीचा. भर दुपारी लक्ष्मीआईच्या सावलीत खुर्ची टाकून घोरत होता. हात उचलायचा नाही हे पक्कं लक्षात होतं. उचलला नाही. पाय उचलला. तोही खुर्चीला. अटीत पायाचा उल्लेख नाही, खुर्चीचा तर नाहीच.

हाड मोडलं म्हणे कोपरापाशी. परभणीकडे पाणी कमी, हाडं ठिसूळ राहतात.

संध्याकाळी सोजरने दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. वैजनाथशीही समेट झाला ऐकून तिने हात जोडले. लक्ष्मीआईला दिवा लावून येते म्हणाली. येताना तिला वैजनाथ भेटला, गळ्यात हात. खुर्चीवरून पडलो म्हणाला. खरं बोलणारा माणूस आहे.

३० डिसेंबर, रविवार

आज मोठी बैठक. उद्यान खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, बागेत बार्बेक्यू चालावा का यावर आधी नागरिकांचं मत घ्या. तंटा म्हटलं की अध्यक्ष मीच. कारंज्यापाशी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांना श्वास घ्यायला लावला.

अभिनव म्हणाला, फ्लॅटला अंगण नसतं, बाल्कनीत कपडे वाळतात, गच्चीला कुलूप. माणसाने चार निखारे पेटवायचे कुठे? मग आगाशे उठले. हे निवृत्त गृहस्थ नारायण पेठेतली जागा विकून इकडे आलेत, हातात काठी, तोंडात टाचणी. म्हणाले, बाग पाय चालवण्यासाठी असते, दात चालवण्यासाठी नाही. पेठेत आम्ही शेजाऱ्याच्या उदबत्तीचाही धूर मोजत होतो. मी टाळी वाजवली. ते म्हणाले, आपण टाळी वाजवू नये, त्याने माझं मत बदलू शकतं.

मग दिग्विजय. म्हणाला, रविवारी एक कोपरा देऊ, खाली फरशी घालू, शेजारी पाण्याची बादली ठेवू, राख ज्याची त्याने न्यायची. इतकं पद्धतशीर बोलला की मला संशय आला. मी म्हटलं, माझ्या रानात मी विस्तव पेटू देणार नाही. त्यावर तो हसून म्हणाला, आप्पासाहेब, रान तुमचं व्हतं. आता न्हाई.

प्लास्टिकच्या खुर्च्या हल्ली फार हलक्या बनवतात. हातात घेतली की उडते. दिग्विजयच्या नाकावर बसली. मग त्याच्या माणसाने मला खुर्ची घातली, मी त्याला टेबल घातलं, अभिनव मध्ये सोडवायला आला तो कारंज्यात गेला. माझी भुवई फुटली, दोन टाके पडले. ठराव मात्र झाला. बार्बेक्यूला एकमताने नकार. विरोधी मताचे लोक तोपर्यंत दवाखान्यात गेले होते.

सोजरला म्हटलं, चर्चा रंगली. आणि दिग्विजयशी समेट. भुवई? खुर्ची घसरली. तिला दिग्विजयचा समेट सगळ्यात मोठा वाटला. ती रडलीच. मलाही थोडं भरून आलं.

८ जानेवारी २०१९, मंगळवार

नवीन वर्षाचा संकल्प: दर मंगळवारी मौन. मौनात माणूस रागावूच शकत नाही, असं कुठेतरी वाचलं.

दुपारी केबलवाला आमच्याच आंब्याला शिडी लावून वायर ओढत होता. मौन असल्यामुळे तोंडाने समजावता येईना. खुणा केल्या, त्याला कळेनात. शेवटी शिडी हलवली. तो फांदीला लोंबकळला, मग पडला, आता लंगडतो. बोलायची मोकळीक असती तर शिव्यांवर भागलं असतं. मौन बंद. अशा जीवघेण्या गोष्टी लोक का सुचवतात?

संध्याकाळी: केबलवाल्याशी समेट.

१५ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी सोजरला बांगड्या भरायला मी स्वतः कासाराकडे नेलं. हिरव्या, काचेच्या. कासार म्हणाला, मनगटाला अशा घट्ट बसल्यात की आता काढायच्या तर फोडाव्याच लागतील. घरी येताना गाडीत सोजर म्हणाली, संक्रांत आली अन् तुमचा शब्द टिकला. मी म्हटलं, अगं, शब्द आहे माझा. तिने बाहेर बघत डोळे पुसले. लग्नात सुद्धा इतकी खुशीत नव्हती.

दुपारी तिळगूळ वाटायला बागेत. आगाशे बाकावर. म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. ते म्हणाले, हा तुम्हीच खा, गरज तुम्हाला आहे. वर म्हणाले, बार्बेक्यूबद्दल माझं मत बदललं आहे, धुराचा त्रास आठवड्यातून एकदाच होईल, आप्पासाहेबांचा रोज होतो.

म्हाताऱ्या माणसावर हात उचलायचा नाही एवढे संस्कार आहेत माझ्यावर. त्यांची काठी उचलली. गुडघ्यावर मोडली आणि कारंज्यात टाकली. गुडघा दुखतो आहे.

संध्याकाळी सोजरला सांगितलं, आगाशांशी समेट. म्हणाली, त्ये बी आले का? जणू कसला तरी हिशेब पुरा झाला.

२७ जानेवारी, रविवार

घरात कुणाचं लक्ष नाही. सोजर रोज विमलाबाईंकडे हळदीकुंकवाला जाते आणि कणकेचे हात घेऊन येते. हळदीकुंकवाला कणीक कशाला लागते? वाण असेल काहीतरी. शेफालीही त्यांच्यातच. मी खोलीत गेलो की तिघी गप्प होतात आणि हसतात. विमलाबाईंच्या बाल्कनीत पोतंभर गोवऱ्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, डास लय झाले बाप्पा, धूर करतो.

दुपारी दुसरीच बातमी. उद्यान खात्याच्या साहेबांनी एका रविवारपुरती परवानगी दिली, प्रयोग म्हणून. तीन फेब्रुवारी, लक्ष्मीआईजवळचा कोपरा. कुणी आणली परवानगी? दिग्विजयने! माझा एकमताचा ठराव केराच्या टोपलीत. ज्या माणसाशी मी समेट केला तोच पाठीत खंजीर खुपसतो. आता दाखवतो. अर्थात शांततेच्या मार्गाने.

२ फेब्रुवारी, शनिवार

योजना पक्की. तालमीतले दोन पैलवान सांगितले आहेत. तीन काठ्या, त्या फक्त दाखवायला. मागच्या भिंतीवरून उतरायचं, खतखड्ड्याच्या आडून पुढे सरकायचं, विस्तव विझवायचा, मांस कुत्र्यांना घालायचं, भाषण करायचं. कुणालाही हात लावायचा नाही. पैलवानांना तसं तीनदा बजावलं. ते हसले का ते कळलं नाही.

संध्याकाळी सोजरने विचारलं, उद्या दुपारी घरीच असाल ना, तुम्हाला बोलवायला मानूस पाठवीन. मी म्हटलं, उद्या माझी कामगिरी आहे. ती म्हणाली, दुपारपर्यंत उरकून घ्या. म्हटलं, त्याआधीच उरकते.

३ फेब्रुवारी, रविवार. दवाखान्यातून आल्यावर

जसं घडलं तसं लिहितो. उद्या लोक काहीही सांगतील.

बाराच्या सुमारास भिंतीवरून उतरलो. लक्ष्मीआईपाशी धूर, भोवती घोळका. बघतो तर टँकरवाला. शेजारी बाईकवाला. गळ्यात हात अडकवलेला वैजनाथ. वाकड्या नाकाचा दिग्विजय. केबलवाला एका पायावर. आगाशे नव्या काठीसह. मध्ये अभिनव, हातात हा एवढा चिमटा. ज्यांना ज्यांना मी समज दिली ते सगळे एका विस्तवाभोवती! याला कट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

श्वास आत घेतला. बाहेर आला तो आरोळी होऊन. धावत जाऊन विस्तवावर लाथ घातली. वर राख होती, वाटलं विझत आलाय. गोवऱ्यांचा विस्तव वरून राख आणि आतून लाल असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असायला हवं होतं. चप्पल पायालाच चिकटली. निखारे उडाले आणि त्यांच्याबरोबर काळे काळे गोळे उडाले, क्रिकेटच्या बॉलएवढे आणि तेवढेच टणक. एक गोळा पैलवानाच्या कपाळावर बसला, तो आडवा झाला. दुसरा पैलवान आल्या भिंतीवरून परत गेला.

टँकरवाल्याने मागून माझी कंबर आवळली. मी डोक्याने मागे धडक दिली. वैजनाथने चांगल्या हाताने बादली फेकली, पाण्यासकट. बाईकवाला हेल्मेट घालूनच अंगावर आला. या वेळी मी ते काढून मग मारलं. दिग्विजयने जुना हिशेब माझ्या नाकावर चुकता केला. अभिनवचा चिमटा पाठीत बसला, तापलेला होता. आगाशे बाजूला उभे राहून, पायावर मारा, पायावर, असं सांगत होते. कुणाला, ते कळलं नाही. राख डोळ्यांत, धूर नाकात, रक्त तोंडात. मी दिसेल तिकडे काठी फिरवत होतो. समोर धुरात काहीतरी चमकलं. काठी घातली.

परात होती. परात सोजरच्या हातात होती.

मनगटाला लागलं. बांगड्या फुटल्या. बांगड्या सैल नव्हत्या.

सगळे थांबले. परातीतली वांग्याची भाजी पेव्हर ब्लॉकवर. मटण मी शोधलं, कुठेच नव्हतं. ते गोळे कणकेचे होते. रोडगे म्हणतात. अमरावतीकडे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, फोडून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीशी खातात. देवीला नवस बोलले की तिच्यासमोर उघड्यावर करायचे. अभिनव म्हणाला, काका, गोवऱ्यांवर रोडगे करायचेत म्हटलं असतं तर इथे सगळे नाक मुरडून हसले असते. बार्बेक्यू म्हटलं की साहेब लोक कोपरा देतात.

मी विचारलं, नवस कसला? विमलाबाई म्हणाल्या, काहून जी, तुमचाच तं नवस होता बाप्पा. सोजरताई लक्ष्मीआईले बोलल्या होत्या, संक्रांतीपरेंत यायनं कोनावर हात नाई उचलला तं रोडगे करीन, अन् ज्याच्या ज्याच्या संग समेट झाला त्यालेच जेवू घालीन. ज्याच्यासाठी नवस, त्याले फिटेपरेंत सांगत नाई आमच्याकडे.

म्हणजे ती माझीच पंगत होती.

सोजर लक्ष्मीआईच्या कट्ट्यावर बसली. शेफालीने तिच्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळलं. मग तिने एकेकाला जवळ बोलावलं आणि विचारलं, भाऊ, तुमचा समेट कसा झाला? त्यांना वाटत होतं की हिला सगळं माहीत आहे आणि ही भरपाई म्हणून जेवायला घालते आहे. अभिनवने तर कॉलरचं आणि कारंज्याचं आईलाही सांगितलं नव्हतं. टँकरवाल्याने तोंड उघडून दाखवलं. वैजनाथ म्हणाला, मावशी, खुर्चीवरून पडलो हे खरं हाय, खुर्ची कुणी पाडली ते तुम्ही इचारलं नव्हतं. आगाशे म्हणाले, वहिनी, माझ्यावर त्यांनी हात उचललेला नाही, काठी मोडली. नोंद बरोबर असावी. सोजर प्रत्येकाचं ऐकून घेत होती आणि प्रत्येकापुढे हात जोडत होती. माझ्याकडे बघतही नव्हती. यापेक्षा तिने मला चार घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उठली. एका हाताने राखेतले रोडगे वेचले, फुंकले, फोडले, वर तूप ओतलं आणि सगळ्यांना वाढलं. शुद्धीवर आलेल्या पैलवानालाही वाढलं. शेवटी माझ्यासमोर आली. रोडगा हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता विचारणार. उत्तरही तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. रोडगा परत टोपलीत ठेवला.

शेफालीने गाडी काढली. दोघी सासवडला गेल्या.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पायाला बँडेज, पाठीला मलम, नाकात कापूस. पण डोकं थंड आहे.

शांतपणे विचार केला तर माझी चूक फार थोडी आहे. आधी सांगितलं असतं तर मी स्वतः गोवऱ्या रचून दिल्या असत्या. स्वतःच्या नवऱ्यापासून लपवायचं आणि मग नवऱ्याला दोष द्यायचा? शिवाय काठी परातीवर बसली. परात ही वस्तू आहे.

सासवडला फोन केला. मेव्हण्याने उचलला. ताई शेतात हाय म्हणाला. मी त्याला परातीचा मुद्दा समजावून सांगितला. त्याने फोन ठेवला. पुन्हा केला, तर भाच्याने उचलला, आणि खांदा आता बरा आहे असं न विचारता सांगितलं.

हरकत नाही. पाय बरा झाला की स्वतः जातो. रथसप्तमीपर्यंत सोजर घरी. शब्द आहे माझा.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लंगडत सासवडला जाऊन आलो. सोजर पडवीत शेंगा फोडत होती. उजव्या मनगटाला पट्टी, डाव्या हाताने फोडत होती. मी जे जे ठरवून गेलो होतो ते सगळं बोललो. ती म्हणाली, चहा घ्या. चहा घेतला. मग म्हणाली, उन्हाच्या आत निघा, पायाला त्रास होईल. तिच्या हातात बांगडी नव्हती. मी म्हटलं, कासाराकडे जाऊ. तिने शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली.

परत येताना घाटात एका ट्रकवाल्याने कट मारला. मी काच खाली केली. मग वर केली.

१० फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. तिथून बाग दिसते. कोपऱ्यात चार ठिकाणी धूर. उद्यान खात्याने रविवारचा कोपरा मंजूर केला. कुणी रोडगे करतं, कुणी कणसं, कुणी जाळीवर पनीर. फरशी आहे, बादली आहे, राख ज्याची तो नेतो. दिग्विजय उभा राहून सगळ्यांना जागा दाखवतो. आगाशांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे. वैजनाथने तिचा फोटो पाठवला. रविवारी येथे शेगडी पेटवण्यास परवानगी आहे. स्वतः पेटू नये.

लोक पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात म्हणे. मी मनाला लावून घेतलं नाही. तंटामुक्तीची गाडीवरची पाटी दुपारी खरवडून काढली. निम्मी निघाली. नुसतं तंटा उरलं आहे.

शेफाली आठवडाभर सासवडहूनच कामाला जाते. विमलाबाईंनी डबा पाठवला, दोन भाकरी आणि पिठलं. ताट घेतलं. भाकरी हातात धरून थोडा वेळ बसलो.

कुणी विचारलं नाही. आज खरंच नाही मारलं.